‘एक बटण दाबा, डीसीपी तयार’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

सिनेमागृहात पाठवण्याआधी डीसीपीत (सिनेमागृहात चालवायच्या चित्रपटाचं डिजिटल पॅकेज) काय काय तपासावं, या माझ्या लेखावर आलेली प्रतिक्रिया अशी : ‘काका, डीसीपीचा एवढा बाऊ कशाला? फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये एक बटण दाबलं की झालं. लॅपटॉपवर दिसतं तेच पडद्यावर दिसतं. नवख्यांना घाबरवायचं आणि लॅबवाल्यांचं दुकान चालवायचं, हा जुना धंदा. फिल्मवाल्यांना डिजिटल पचत नाही, एवढंच.’

‘काका’ चालेल, वयाने असेनही. पण ‘धंदा’ लिहिण्याआधी लेख शेवटपर्यंत वाचायचा होतात. त्यात एकाही लॅबचं नाव नाही, दर नाही, अमक्याकडे जा असा सल्ला नाही. दुकान कुणाचं, ते तरी सांगा. रिळांच्या काळात केबिनमध्ये आणि पुढे डीसीपी चालवणाऱ्या सर्व्हरशेजारी बसून मी पोट भरलं आहे, तेव्हा डिजिटल पचवण्याचं मला कुणी शिकवू नये.

एक मान्य. डीसीपी-ओ-मॅटिकसारख्या मोफत सॉफ्टवेअरमधून निघालेली डीसीपी पूर्ण वैध असते आणि सर्व्हरला ती चालते. लेखात मी हे एका ओळीत उरकलं, जरा सविस्तर लिहायला हरकत नव्हती. झालं समाधान?

आता ‘लॅपटॉपवर दिसतं तेच’ या वाक्याकडे येतो. इतक्या आत्मविश्वासाने इतकं चुकीचं वाक्य बऱ्याच दिवसांत वाचलं नव्हतं.

सिनेमागृहाच्या पडद्यावर पांढऱ्याचा उजेड ४८ निट्स (उजेड मोजण्याचं एकक) धरलेला असतो. लॅपटॉपचा स्क्रीन सहज ३०० निट्सच्या घरात जातो. दिवा लावलेल्या खोलीत, अशा स्क्रीनवर बसून रात्रीचे प्रसंग ग्रेड केलेत, म्हणजे त्यांचे रंग-उजेड ठरवलेत, तर तिथे सावल्यांतले चेहरे दिसतील, पडद्यावर फक्त काळोख दिसेल. त्यात रेंजची भानगड आहे. व्हिडिओत काळा १६ वर आणि पांढरा २३५ वर ठेवण्याची पद्धत आहे, काही फाइली मात्र ० ते २५५ अशा असतात. फाइलवर खूण चुकीची असली की सॉफ्टवेअरही चुकतं. मग एक तर काळ्याचा राखाडी होतो, नाही तर सावल्या बुजतात आणि आभाळ जळतं. बटण तेच असतं, ते दाबण्याआधी फाइल कोणत्या रेंजची आहे हे ठाऊक असावं लागतं.

डीसीपीत प्रत्येक फ्रेम स्वतंत्रपणे जेपेग २००० या चित्र दाबण्याच्या पद्धतीत बांधलेली असते. रंग १२ बिटांत, एक्सवायझेड या रंगमोजणीच्या पद्धतीने. चित्राच्या डेटाच्या प्रवाहाची कमाल मर्यादा सेकंदाला २५० मेगाबिट, म्हणजे २४ फ्रेमच्या गतीने एका फ्रेमला सुमारे १.३ एमबी. हीच २के (रुंदीला सुमारे दोन हजार पिक्सेल) फ्रेम न दाबता ठेवली तर जवळपास १० एमबी होते. दोन तासांचा चित्रपट जास्तीत जास्त २२५ जीबी भरतो, प्रत्यक्षात बहुधा कमीच. तुम्ही नेटवर चढवलेली १५ मेगाबिटची एच.२६४ (नेटसाठी घट्ट दाबलेली) फाइल त्यात कोंबलीत तर आकार वाढेल, तपशील परत येणार नाहीत. आभाळातले पट्टे मोठ्या पडद्यावर आणखी ठळक दिसतील. डीसीपी करायची ती प्रोरेसवरून किंवा टिफच्या मालिकेवरून, म्हणजे तपशील राखलेल्या मूळ प्रतीवरून.

आवाजाबद्दल तर प्रतिक्रियेत अवाक्षर नाही, आणि लोक शो सोडून बाहेर येतात ते बहुतेक आवाजामुळे. डीसीपीत ५.१ चा (सहा वाहिन्यांच्या आवाजाचा) क्रम डावा, उजवा, मधला, एलएफई (सबवूफरसाठीचा खोल आवाज), डावा सराउंड, उजवा सराउंड असा असतो. मिक्स स्टुडिओतून डावा, मधला, उजवा, दोन्ही सराउंड आणि शेवटी एलएफई या क्रमाने आला आणि तुम्ही तो तसाच जोडलात, तर संवाद उजव्या स्पीकरमधून येतील, डावा सराउंड सबवूफरमध्ये जाईल आणि उजवी भिंत घुमत राहील. लॅपटॉपला दोनच स्पीकर, तिथे यातलं काहीही कळत नाही.

गतीचंही तसंच. चित्र २३.९७६ फ्रेमवर संपादित झालेलं असतं, डीसीपी २४ वर चालते. फरक हजारात एकाचा. एकाच फाइलमधून आलेला आवाज सॉफ्टवेअर स्वतः जुळवून घेतं. पण आवाजाची वेगळी डब्ल्यूएव्ही फाइल जोडली की ती कोणत्या गतीच्या चित्रासाठी केली आहे, हे तिला पाहून कळत नाही. ते तुम्हालाच सांगावं लागतं. नाही सांगितलं तर दहाव्या मिनिटाला ०.६ सेकंदाची तफावत पडते आणि दोन तासांच्या शेवटी ओठ मिटल्यावर ७ सेकंदांनी वाक्य ऐकू येतं. २५ फ्रेमवालं चित्र २४ वर उतरवलं तर १०० मिनिटांचं १०४ मिनिटं १० सेकंद होतं, आणि स्वर न सावरल्यास सगळ्यांचे आवाज किंचित जड येतात.

म्हणून डीसीपी तयार झाल्यावर सुरुवातीची दोन मिनिटं पाहून खूश होऊ नका. शेवटची दहा मिनिटं पाहा, त्यात बोलणाऱ्या माणसाचा जवळचा शॉट असेल असा भाग निवडा. रात्रीचा सगळ्यात गडद प्रसंग प्रत्यक्ष सिनेमागृहात पाहा. साउंड प्रोसेसरचा फेडर (आवाज कमीजास्त करण्याचं बटण) ७ वर, म्हणजे प्रमाण पातळीवर, ठेवून ऐका. तिथे कान फुटत असतील तर मिक्स नेटसाठी झालेला आहे, ऑपरेटर फेडर ४.५ वर आणेल आणि हळू बोललेलं सगळं बुडेल.

डीसीपीला कुलूप लावण्याबद्दल (एन्क्रिप्ट करण्याबद्दल) विचारलेलं नाहीत, तरी सांगतो, कारण ‘एक बटण’वाले हटकून ते बटणही दाबतात. केडीएम ही ते कुलूप उघडणारी डिजिटल किल्ली ठरावीक सर्व्हरच्या सर्टिफिकेटला, ठरावीक वेळेला आणि ठरावीक सीपीएलला (कोणत्या चित्र-आवाज फाइली कोणत्या क्रमाने चालवायच्या ती यादी) बांधलेली असते. श्रेयनामावलीतलं एक नाव सुधारून डीसीपी पुन्हा काढलीत की सीपीएलचा क्रमांक बदलतो आणि वाटलेल्या सगळ्या किल्ल्या निकामी होतात. छोट्या चित्रपटाने कुलुपाच्या फंदात पडूच नये. डिस्क ईएक्सटी३ (लिनक्सची फाइल-पद्धत) मध्ये फॉरमॅट करावी, आयनोड (डिस्कवरची फाइलची नोंद) १२८ बाइटचा ठेवावा, जुने सर्व्हर २५६ वाली डिस्क उघडत नाहीत.

फिल्म बरी की डिजिटल, हा वाद माझ्या लेखात नव्हताच. तो तुम्ही आणलात, तुम्हीच मिटवा. आणि पुढची प्रतिक्रिया लिहाल तेव्हा तुमच्या डीसीपीतल्या आवाजाचा क्रम काय होता आणि ती कोणत्या पडद्यावर पाहिली, एवढं लिहा. त्यावर बोलू.