जास्वंदीची मनधरणी

जास्वंद तक्रार करताना आडपडदा ठेवत नाही. पाणी तुटले की ती आधी माना टाकते, मग कळ्या टाकते, मग खालची पाने पिवळी करून एकेक खाली सोडते आणि एवढ्यानेही कोणाचे लक्ष गेले नाही, तर उरलेल्या पानांच्या कडा तपकिरी करून ठेवते. आमच्या कुंडीतील जास्वंद या शेवटच्या टप्प्यावर पोहोचली, तेव्हा घरातील प्रत्येकाची अशी पक्की समजूत होती की पाणी दुसरे कोणीतरी घालत आहे. रीतसर चौकशी झाली, सर्वांच्या साक्षी झाल्या, कोणावरही ठपका न ठेवता चौकशी आटोपली आणि झाड वाचवण्याचे काम माझ्या गळ्यात पडले. या निवडीचे कारण एवढेच की चर्चा चालू असताना मी गप्प बसलो होतो.

तहानलेल्या झाडाला पाणी घालायचे, यात अवघड ते काय, असे कोणालाही वाटेल. मात्र कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, घातलेली माती एकदा ठणठणीत वाळली की ती पाण्याशी बोलणेच बंद करते. ती आक्रसून कुंडीच्या कडेपासून सुटते, मध्ये एक बारीक फट पडते आणि झारीतून ओतलेले पाणी मातीला स्पर्शही न करता त्या फटीतून थेट तळाच्या भोकाकडे जाते. वरून घातलेले पाणी लगेच खालच्या ताटलीत आलेले पाहून घालणाऱ्याला मात्र झाडाने पोटभर पाणी प्यायल्याचे समाधान मिळते. मी मातीत बोट खुपसून पाहिले तेव्हा नखभर जाडीचा थर ओला होता आणि त्याखाली इतकी कोरडी भुकटी होती की बोट बाहेर काढल्यावर ती फुंकरीसरशी उडाली.

अशा वेळी कुंडी पाण्यात ठेवून माती खालून भिजू द्यावी लागते. हे वाचायला सोपे असले, तरी वाळलेली कुंडी पाण्यात बसत नाही, ती तरंगते. आमची प्लास्टिकची कुंडी टबमध्ये ठेवताच एका बाजूला कलली आणि वाळकी पाने पाण्यात सांडू लागली, तेव्हा ती दोन्ही हातांनी खाली दाबून धरण्यावाचून गत्यंतर उरले नाही. सुमारे अर्धा तास मी बाथरूममध्ये स्टुलावर बसून एका झुडपाला पाण्यात दाबून धरले होते. आधी बुडबुड्यांची सलग माळ वर येत होती, मग ते अधूनमधून येऊ लागले. मुलगा दारात उभा राहून म्हणाला, "बाबा, ते बुडतंय ना!" वाचवण्याची क्रिया बाहेरून पाहणाऱ्याला नेमकी उलटी दिसू शकते, हे त्याला समजावण्याच्या स्थितीत मी नव्हतो. बुडबुडे थांबले, कुंडी आपल्या भाराने तळाशी टेकली आणि ती उचलताना कंबरेने जी कळ दिली, तिच्यावरून माती भिजल्याची खात्री पटली. कुंडी उचलून तिच्यातले पाणी वजनावरून ओळखावे, हा जाणकारांचा सल्ला माझ्या अंगी असा भिनला.

भिजल्यानंतर चमत्कार होतो, पण तो अर्धवट होतो. पान ताठ उभे राहते ते त्याच्या पेशींतील पाण्याच्या दाबावर, आणि हा दाब मोटारीच्या टायरमधील हवेच्या दाबाहून अनेकदा कितीतरी जास्त असतो. त्यामुळे जी पाने नुसती लोंबत होती, ती दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत सावरून बसली, आणि जी कुरकुरीत झाली होती, ती कुरकुरीतच राहिली. दुपारच्या उन्हात माना टाकून संध्याकाळी सावरणारे झाड फारसे काळजीचे नसते. रात्रभराच्या गारव्यानंतरही जे सावरत नाही, त्याची काळजी करावी. पाणी कमी पडताच पाने आपली सूक्ष्म छिद्रे मिटून घेतात. पाणी वाचते खरे, पण कार्बन डायऑक्साइड आत येणेही थांबते, म्हणजे तहानेपायी वर उपासही घडतो. खोडाच्या आतल्या नळ्यांतून पाण्याचे धागे मुळांपासून पानांपर्यंत अखंड ओढले जातात, असे डिक्सन आणि जोली या दोन शास्त्रज्ञांनी 1894 मध्ये मांडले होते. तहान वाढली की हे धागे ताणले जातात आणि एखाद्या नळीत हवेचा बुडबुडा शिरला की तिथला धागा तुटतो. टबमधल्या ज्या बुडबुड्यांकडे पाहून मी सुखावत होतो, त्यांचेच भाऊबंद आतल्या बाजूने फांद्या बंद पाडत होते.

खरी परीक्षा यापुढे सुरू झाली, कारण यापुढे काहीही करायचे नव्हते. दुष्काळातून उठलेल्या झाडाला सावली हवी असते आणि एकांत हवा असतो. आमच्या घरात सावलीची सोय होण्यासारखी होती. शेजारचे काका खताची पुडी घेऊन आले. जखमी मुळांभोवती खताचे क्षार वाढले की मुळांना पाणी ओढून घेणे आणखी जड जाते, हे मी त्यांना शक्य तितक्या आदराने सांगितले. त्यांनी तितक्याच आदराने ऐकून घेतले आणि पुडी "नंतर घाला" म्हणून कठड्यावर ठेवली. मोठ्या कुंडीत हलवा, कडक ऊन दाखवा, पानांवर फवारे मारा, असे सल्ले येतच राहिले. फवाऱ्याने पानांवरची धूळ गेली आणि आमची खिडकी भिजली, याखेरीज त्याचा उपयोग जाणवला नाही.

सर्वांत मोठे संकट मात्र पश्चात्तापाचे होते. ज्या घरात कोणीच पाणी घालत नव्हते, तिथे आता सगळेच घालू लागले. आई पहाटे घाली, पत्नी कामावर निघताना घाली, मुलगा शाळेतून आल्यावर बाटलीत उरलेले ओती, आणि प्रत्येकजण हे गुपचूप करी. वाळलेल्या मातीत मुळांवरचे नाजूक केस आधीच मेलेले असतात. अशा मुळांना चिखलात बुडवून ठेवले तर ती कुजतात, आणि मुळे कुजलेले झाडही तहानलेल्या झाडासारखेच माना टाकते. निसर्गाने दोन विरुद्ध रोगांना एकच लक्षण द्यावे, याला मी दुष्टपणा म्हणतो. "अरे, बघ कशी मलूल झालीय, घाल जरा पाणी," असे आई म्हणे, तेव्हा माझे बोट दुसऱ्या पेरापर्यंत ओल्या मातीत रुतलेले असे. शेतकऱ्याला वाफसा कळतो. मातीत ओलही हवी आणि हवाही हवी, हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही. आमच्या घरात शेवटी झारी कपाटात ठेवून किल्ली मी खिशात बाळगू लागलो.

मग छाटणी. फांदी जिवंत आहे की नाही, हे नखाने साल किंचित खरवडून कळते: खाली हिरवे ओलसर दिसले तर आशा आहे, कोरडे तपकिरी दिसले तर कात्री लावावी. शेंड्यापासून खरवडत आलो. तपकिरी, तपकिरी, पुन्हा तपकिरी, आणि बुंध्यापासून वीतभर उंचीवर अचानक हिरवी रेघ. त्याच्या वरचे सगळे, जिवंत डोळ्याच्या, म्हणजे कोंब फुटतो त्या जागेच्या, जरा वर काप घेऊन, उतरवले. जास्वंदीला फुले नव्या फुटीवर येतात, त्यामुळे छाटल्याने फुले कमी होत नाहीत, हे शास्त्र मी पत्नीला ऐकवले; ती वर्तमानपत्रावर रचलेल्या काटक्यांकडे आणि कुंडीत उरलेल्या चार खुंटांकडे आळीपाळीने पाहत होती. त्यानंतर बरेच दिवस घरात झाडाचा विषय निघाला की सगळे माझ्याशी फार सौम्य आवाजात बोलत.

धुमारे फुटले ते यथावकाश, आणि त्या कोवळ्या धुमाऱ्यांवर लगोलग पिठ्या ढेकूण आला, त्याला ओल्या कापसाने पुसून काढले. तो प्रकार सविस्तर सांगण्यासारखा नाही. पहिली कळी धरली, तेव्हा आता कुंडीची जागा अजिबात हलवायची नाही, असा हुकूम मी काढला, कारण ऊन-सावली अचानक बदलली की जास्वंद भरलेली कळीही टाकून देते. कळी टिकली आणि उमललीही. मात्र ती उमलली गॅलरीच्या बाहेरच्या बाजूला तोंड करून. समोरच्या इमारतीतील मंडळी हात हलवून "फूल सुरेख आलंय हो!" असे ओरडून सांगतात, आणि आम्ही आतून त्याचा हिरवा देठ आणि पाकळ्यांची पाठ पाहतो. फूल एका दिवसाचे असते, म्हणून कुंडी निदान संध्याकाळपुरती तरी फिरवावी, असे घरात तीन जणांचे मत आहे. मागे चार कळ्या भरत आल्या आहेत आणि कुंडी उचलण्याएवढी कंबर सध्या तरी फक्त माझ्याकडे असल्यामुळे, एका मताने का होईना, बहुमत माझे आहे.