मेटल ऐकतो, टोळीत नाव नाही लिहिलं बे

मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की अख्खं नागपूर डोक्याला दुपट्टा गुंडाळून, खिशात कांदा ठेवून फिरतं. पण मेटलवाल्या, म्हणजे हेवी मेटल संगीत ऐकणाऱ्या, मंडळींचा हट्ट काय, तर टी-शर्ट काळाच पाहिजे, जाड कापडाचा, अन् छातीवर बँडचं नाव असं की वाचताच येऊ नये. पांढरा सुती शर्ट घातलेला कोणी "मी डूम (मेटलचा संथ, जड प्रकार) ऐकतो" म्हणाला की तिथल्या तिथे तोंडी परीक्षा सुरू. "तीन अल्बम सांग. दुसऱ्या अल्बमवर ड्रमर कोण होता?" अरे काऊन बे? सुरेश भटांची गझल गुणगुणणाऱ्याला कोणी असं भर बर्डीवर उभं करून वृत्त विचारतं का?

घरच्यांचं वेगळंच. "काही टेन्शन आहे का रे बाबू? हे काय लावून राहिला सकाळी सकाळी?" त्यांना एक वेळ माफ आहे. परीक्षा घेणाऱ्यांना नाही, कारण त्यांना नावं पाठ आहेत, पण कानाला काय होतंय याचा पत्ता नाही.

ज्या बर्मिंगहॅममधून हे सगळं निघालं तिथे ब्लॅक सॅबथ या बँडच्या गिटारवाल्या टोनी आयोमीची उजव्या हाताची दोन बोटं पत्र्याच्या कारखान्यात, वयाच्या सतराव्या वर्षी, टोकाला तुटली. गडी डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात तोच. बोटांवर प्लॅस्टिकच्या टोप्या वितळवून बसवल्या, हलक्या तारा लावल्या, अन् १९७१ पर्यंत ब्लॅक सॅबथची गिटार तीन अर्धस्वर खाली उतरली. तारा ढिल्या झाल्या की बोटाला त्रास कमी, म्हणून. त्यात कपड्यांचा संबंध कुठे आला?

आता टोळीतली गिटार पाहा. ९-४२ चा पातळ तारांचा सेट (आकडे तारांच्या जाडीचे, इंचाच्या हजाराव्या भागात), तोच दुकानातून आला तसा, अन् जाड तार ई स्वरावरून थेट सी वर. ८२.४ हर्ट्झवरून ६५.४. ताण कंपनसंख्येच्या वर्गात घटतो, म्हणजे सदतीस टक्के ताण गेला! तार कपडे वाळत घालायच्या दोरीसारखी लोंबते, फ्रेटवर (मानेवरच्या धातूच्या पट्ट्यांवर) खडखडते, जोरात पिक मारला की स्वर आधी वर चढतो अन् मग खाली येतो. याला हे "डर्टी साउंड" म्हणतात. घंटा. ११-५४ चा सेट लावा. जाड तार नटच्या (मानेच्या टोकाच्या पट्टीच्या) खाचेत अडकत असेल तर खाच कानशीने रुंद करून घ्या. ट्रस रॉड (मानेचा बाक सांभाळणारी आतली सळई) एका वेळी पाव फेराच फिरवा. मग बाराव्या फ्रेटवर दाबलेला स्वर अन् तिथलाच हार्मोनिक (तार न दाबता नुसती स्पर्शून काढलेला स्वर) जुळतात का पाहा. दाबलेला वर जात असेल तर सॅडल (तारेचं ब्रिजवरचं टेकण) मागे सरकवा. अर्ध्या तासाचं काम आहे. पण नाही, तो वेळ "अमका बँड खरा डूम की स्लज (मेटलचाच आणखी एक प्रकार)" यात घालवायचा.

गेनचं, म्हणजे अँपवरच्या आवाज फाडायच्या बटणाचं, तर विचारूच नका. गेन १०, मिड (मधले स्वर) शून्य, बास (खालचे स्वर) १०. खोलीत एकट्याने वाजवताना भारी वाटतं. ड्रम अन् बास गिटार सुरू झाली की गिटार गायब! खालचा भाग बास गिटारने खाल्ला, वरचा झांजांनी, अन् गिटारची जागा होती मधे, ती यानेच शून्य करून ठेवली. सावजीत नुसतं तिखट ओतल्यासारखं आहे हे. गेन ५-६, मिड ६, बास ४ ठेवा, मग पाम म्यूटचा (तळहात तारांवर टेकवून मारलेला) ठोका ऐकू येतो.

आणि वजन येतं कुठून ते तरी ऐका. सी अन् त्याचा पंचम जी, ६५.४ अन् ९८. डिस्टॉर्शनमधून (आवाज मुद्दाम फाडणाऱ्या इफेक्टमधून) गेले की दोघांतला फरकही वाजायला लागतो, साधारण ३२.७, म्हणजे सीच्या खालच्या सप्तकातला सी, जो कोणी वाजवलेलाच नाही. अंगावर काटा येतो तो याने. हे खिशातल्या ब्लूटूथ स्पीकरवर ऐकून "ब्रूटल आहे बे" म्हणणाऱ्याला काय सांगायचं? तो स्पीकर तिथवर उतरतच नाही.

सगळ्यात डोकं फिरतं ते कानाच्या प्लगवरून. प्लग लावला की "पोझर", म्हणजे नुसता दिखाऊ. ८५ डेसिबलच्या आवाजात कानाला दिवसाचे आठ तास चालतात, पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. १०० वर पंधरा मिनिटं. त्यात कापसाचा बोळा काही कामाचा नाही. फोमचा प्लग बोटांत बारीक वळायचा, दुसऱ्या हाताने कान वर-मागे ओढायचा, आत सरकवून अर्धा मिनिट धरायचा. अर्धाच आत गेला तर नुसता शोभेचा. काळा नाही मिळत बहुतेक, नारिंगी किंवा पिवळा येतो. चालते का तुमच्या टोळीले?