‘काढलेली अ‍ॅप्स परत आली, फायली गेल्या’ या दोन ताऱ्यांच्या रिव्ह्यूला दुकानाचं उत्तर

नमस्कार,

तुमचा रिव्ह्यू दोनदा वाचला. तुमचं म्हणणं असं: विंडोज ११ मधली नको असलेली अ‍ॅप्स काढायचे आम्ही ७०० रुपये घेतले, पण मुलीसाठी नवं खातं उघडलं तर तिथे तीच अ‍ॅप्स पुन्हा हजर. डेस्कटॉपवरच्या फायली दिसेनाशा झाल्या. ‘ट्रॅकिंग बंद केलंय’ असं सांगूनही माहिती जातेच आहे. लॅपटॉप होता तेवढाच संथ आहे. नंतर तुम्ही यूट्यूबवर बघून एक स्क्रिप्ट (आज्ञांची तयार फाइल) चालवली, तिने पाच मिनिटांत सगळं साफ केलं, फक्त आता डिफेंडर, म्हणजे विंडोजमधला अँटिव्हायरस, सारखी धोक्याची सूचना दाखवतो आणि मायक्रोसॉफ्ट स्टोअर उघडत नाही.

फायली आणि परत आलेली अ‍ॅप्स, या दोन्हींत चूक आमची आहे. ७०० रुपये परत मिळतील. पण पैशांपेक्षा फायली महत्त्वाच्या, म्हणून आधी त्यांचं बघू.

फायली बहुधा शाबूत आहेत. मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन इन केलेल्या मशीनवर वनड्राइव्हचा, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेटवरच्या (‘ढगातल्या’) साठवणीचा, फोल्डर बॅकअप अनेकदा सुरुवातीपासूनच चालू असतो. तो चालू असला की डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स ही तीन फोल्डर्स मूळ जागा सोडून वनड्राइव्हच्या फोल्डरात जातात. पडद्यावर काहीच बदललेलं दिसत नाही, त्यामुळे वापरणाऱ्याला कळतही नाही. शिवाय ज्या फायलीशेजारी ढगाचं चिन्ह असतं ती फाइल डिस्कवर नसतेच, तिचं फक्त नाव दिसतं. अशा मशीनवरून वनड्राइव्ह थेट काढलं की ही ढगवाली नावं नाहीशी होतात, आणि डेस्कटॉप मूळ जागेवर आला तर तो रिकामा दिसतो. बॅकअप आधी बंद करायला हवा होता. आम्ही तो बंद न करताच वनड्राइव्ह काढलं.

आजच हे करा. ब्राउझरमध्ये वनड्राइव्हची वेबसाइट उघडून त्याच खात्याने आत जा आणि फायली दिसतात का बघा. नसतील तर तिथलंच रिसायकल बिन उघडा. वैयक्तिक खात्यात काढलेल्या फायली तिथे ३० दिवस राहतात, म्हणून घाई करायला सांगतोय. मग लॅपटॉपवर सी ड्राइव्ह, त्यात यूझर्स, त्यात तुमच्या नावाचं फोल्डर, त्यात वनड्राइव्ह आणि त्यात डेस्कटॉप, असं जाऊन बघा. डिस्कवर उतरलेल्या फायली तिथे असतात.

वनड्राइव्ह काढायचा योग्य क्रमही देतो, दुसऱ्या कुणाच्या मशीनवर उपयोगी पडेल. आधी सी ड्राइव्हवर पुरेशी जागा आहे का ते पाहायचं. वनड्राइव्हच्या फोल्डरावर राइट क्लिक करून ‘ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस’ निवडायचं आणि प्रत्येक फोल्डरावर भरीव हिरवी खूण येईपर्यंत थांबायचं. नेट संथ असेल तर याला रात्र लागते, लागू द्यावी. त्यानंतर घड्याळाशेजारच्या ढगावर क्लिक करून सेटिंग्ज, ‘सिंक अँड बॅकअप’, ‘मॅनेज बॅकअप’ इथे जायचं आणि तिन्ही फोल्डर्स बंद करायची. मग फायली मूळ फोल्डरात कॉपी करायच्या. कट करायच्या नाहीत, कारण वनड्राइव्हच्या फोल्डरातून फाइल उचलली की ती ढगातूनही निघते. कॉपी उघडून तपासायची, मग ‘अनलिंक धिस पीसी’, आणि सगळ्यात शेवटी अनइन्स्टॉल.

आता परत आलेली अ‍ॅप्स. विंडोजमध्ये अशी अ‍ॅप्स दोन पातळ्यांवर असतात. एक नोंद तुमच्या खात्यापुरती असते. दुसरी प्रत यंत्रणेने पुढच्या प्रत्येक नव्या खात्यासाठी राखून ठेवलेली असते. ‘इन्स्टॉल्ड अ‍ॅप्स’मधून काढलं, किंवा पॉवरशेलमध्ये (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) ‘रिमूव्ह-अ‍ॅपेक्सपॅकेज’ ही आज्ञा साधी चालवली, की फक्त पहिली नोंद जाते. आम्ही तेवढंच केलं होतं, म्हणून मुलीच्या खात्यात सगळं पुन्हा उगवलं. राखीव प्रत काढायला ‘रिमूव्ह-अ‍ॅपेक्सप्रोव्हिजन्डपॅकेज’ ही वेगळी आज्ञा अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवावी लागते. तिचा दुसरा फायदा असा की अ‍ॅप काढून टाकल्याची नोंद रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या नोंदवहीत, राहते आणि पुढच्या मोठ्या अपडेटमध्ये ते अ‍ॅप सहसा परत येत नाही. एकापेक्षा जास्त माणसं वापरतात त्या घरच्या मशीनवर दोन्ही आज्ञा चालवल्याशिवाय हे काम पूर्ण होत नाही.

यात एक फरक लक्षात ठेवा. स्टार्ट मेनूत दिसणारे काही चौकोन ही अ‍ॅप्स नसतातच. ते नुसते दुवे असतात, क्लिक केल्यावर अ‍ॅप उतरतं. त्यांच्यावर राइट क्लिक करून ‘अनपिन’ करणं पुरतं.

ट्रॅकिंगबद्दल आम्ही अर्धवट सांगितलं, ते इथे पूर्ण करतो. तुमच्या लॅपटॉपवर होम आवृत्ती आहे. तिच्यात निदानविषयक माहितीच्या दोन पायऱ्या आहेत, ‘रिक्वायर्ड’ आणि ‘ऑप्शनल’. आम्ही ‘ऑप्शनल’ बंद केली. ही पायरी चालू असताना कोणत्या वेबसाइट बघता, अ‍ॅप्स कशी वापरता ही माहिती जाते, आणि एखादं अ‍ॅप कोसळलं तर त्या क्षणीची मेमरीही जाते, जिच्यात उघड्या फायलीचा तुकडा असू शकतो. ‘रिक्वायर्ड’ राहते. तिच्यात यंत्राचा प्रकार, त्याच्या सेटिंग्ज, अपडेट नीट बसलं की नाही अशी माहिती असते. रजिस्ट्रीत ‘अलाऊटेलिमेट्री’ शून्य केलं की सगळं थांबतं असं अनेक व्हिडिओंत सांगतात. पण शून्य ही किंमत एंटरप्राइझ आणि एज्युकेशन आवृत्त्यांतच मानली जाते. होम आणि प्रो आवृत्त्या शून्याला १, म्हणजे ‘रिक्वायर्ड’, समजतात. म्हणून ‘बंद केलंय’ हा आमचा शब्द चुकीचा होता, ‘शक्य तितकं कमी केलंय’ एवढंच म्हणायला हवं होतं.

स्वतः तपासायचं असेल तर ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’मध्ये ‘डायग्नोस्टिक्स अँड फीडबॅक’ उघडा. तिथे पाठवलेली माहिती बघायची सोय आहे, ती चालू केल्यावर डिस्कवर १ जीबीपर्यंत जागा घेते. जुनी माहिती पुसायचं बटणही त्याच पानावर आहे. ‘टेलर्ड एक्सपीरियन्सेस’ आणि जाहिरातींचा आयडी, दोन्ही प्रत्येक खात्यात वेगळे बंद करावे लागतात. मुलीच्या खात्यात ते अजून चालू असणार. ‘कनेक्टेड यूझर एक्सपीरियन्सेस अँड टेलिमेट्री’ ही सेवा ‘सर्व्हिसेस’मध्ये जाऊन डिसेबल करता येते. सांगाल तर करून देऊ, पण मोठ्या अपडेटनंतर ती पुन्हा सुरू झाली आहे का हे दर वेळी बघावं लागेल.

डिफेंडरची सूचना मात्र आमच्या कामामुळे येत नाही. अशा स्क्रिप्ट पुष्कळदा ‘होस्ट्स’ फायलीत (कोणतं नाव कोणत्या पत्त्यावर न्यायचं हे ठरवणारी विंडोजची फाइल) मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरची नावं टाकून ती अडवतात. २०२० पासून डिफेंडर अशा बदललेल्या फायलीला ‘होस्ट्सफाइलहायजॅक’ म्हणून पकडतो. सूचनेत हेच नाव असेल तर घाबरू नका, त्याला साफ करू द्या. फाइल मूळ स्थितीत येते. दुसरं कुठलं नाव असेल तर मशीन नेटवरून काढून थेट आमच्याकडे आणा.

तुमची मोठी नाराजी अशी दिसते की स्क्रिप्टने जे काढलं ते आम्ही ठेवलं. ते मुद्दाम ठेवलं होतं. स्टोअर गेलं की बाकीच्या अ‍ॅप्सची अपडेट थांबतात. आयफोनचे एचईआयसी प्रकारचे फोटो उघडायला लागणारी एक्स्टेन्शन्स तिथूनच येतात, आणि विंडोजचे मेनू मराठीत करणारा भाषेचा पॅकही तिथूनच. स्टोअर परत आणायला अ‍ॅडमिनिस्ट्रेटरच्या टर्मिनलमध्ये ‘डब्ल्यूएसरीसेट’ रोमन अक्षरांत, एक जागा सोडून वजाचं चिन्ह आणि ‘आय’, असं (wsreset -i) लिहून एंटर दाबा. काही मिनिटं काहीच दिसत नाही, थांबा.

मायक्रोसॉफ्टच्या एज ब्राउझरचं म्हणाल तर युरोपीय आर्थिक क्षेत्रात कायद्यामुळे ते काढायची सोय दिली आहे. भारतातल्या मशीनवर तसं बटण नाही. जोर करून काढताना वेबव्ह्यू-टू हा, इतर अ‍ॅप्सना वेबपानं दाखवायला लागणारा भाग सोबत गेला की नवं आउटलुक, टीम्स आणि विजेट्स उघडत नाहीत. म्हणून आम्ही एज काढत नाही. त्याच्या सेटिंग्जमधलं ‘स्टार्टअप बूस्ट’ आणि बंद केल्यावरही मागे चालत राहायची परवानगी, हे दोन्ही बंद करतो. एक्सबॉक्सचा गेम बार काढला की गेम उघडताना ‘एमएस-गेमिंगओव्हरले’साठी अ‍ॅप शोधा अशी खिडकी येते. स्क्रिप्टनंतर मुलीला ती दिसत असेल तर स्टोअरमधून गेम बार परत टाका.

वेगाबद्दल आमचं मत तुमच्यापेक्षा वेगळं आहे आणि ते स्पष्ट सांगतो. जे अ‍ॅप चालूच नसतं ते काढून जागा मोकळी होते, वेग वाढत नाही. तुमच्या लॅपटॉपमध्ये ४ जीबी रॅम आणि फिरती हार्ड डिस्क आहे. विंडोज ११ साठी ४ जीबी ही किमान अट आहे, त्यात ब्राउझरचे चार टॅब उघडले की यंत्रणा डिस्कवर लिहायला लागते आणि फिरती डिस्क तिथेच अडकते. टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्क्यांवर आणि यादीत सगळ्यात वर ‘कॉम्पॅटटेलरनर’ (अपडेटसाठी मशीन तपासणारा विंडोजचा प्रोग्राम) दिसत असेल, तर टास्क शेड्युलरमध्ये ‘अ‍ॅप्लिकेशन एक्सपीरियन्स’खालचं ‘मायक्रोसॉफ्ट कॉम्पॅटिबिलिटी अप्रेझर’ डिसेबल करा. पुढचं मोठं अपडेट घेण्याआधी ते परत चालू करायचं. खरा फरक एसएसडी (न फिरणारी, वेगवान डिस्क) आणि ८ जीबी रॅमने पडेल. ते आमच्याकडूनच घ्या असं अजिबात नाही, पण त्यासाठी आणखी एखादी स्क्रिप्ट चालवू नका.

मशीन आणलंत तर फायली जागेवर आणणं, दोन्ही खात्यांतली अ‍ॅप्स राखीव प्रतीसकट काढणं आणि स्क्रिप्टने मोडलेलं दुरुस्त करणं, याचे पैसे लागणार नाहीत. तुमच्यासमोर करू, साधारण दोन तास धरा. काढायच्या अ‍ॅप्सची यादी आधी कागदावर देऊ, तुम्ही खूण कराल तेवढीच जातील. मुलीलाही सोबत आणा, तिच्या खात्यात तिनेच साइन इन केलेलं बरं. येण्याआधी मायक्रोसॉफ्ट खात्यातून साइन आउट करू नका. ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ (डिस्कला कुलूप) चालू असेल तर खात्याच्या वेबसाइटवर तुमच्या लॅपटॉपच्या नावापुढे दिसणारी ४८ अंकी रिकव्हरी की लिहून आणा.