सर्वर घरी कायले नेतो भो?

काल भर दुपारी, म्हणजे जळगावात शहाणी माणसं अंधाऱ्या खोलीत कूलरसमोर पडलेली असतात तेव्हा, मी गोलाणी मार्केटात राऊटर घ्यायला गेलो आणि शोभा करून घेऊन आलो.

घरी एक जुना डेस्कटॉप चोवीस तास चालू असतो, सगळ्यांच्या मोबाईलमधले फोटो त्यात जमा होतात. तो काही न करता नुसता बसून ६० वॅट खातो, म्हणजे महिन्याला ४३ युनिट, आणि मागचं बिल बायकोने फ्रीजवर चिकटवून ठेवलंय. म्हटलं, ८-१० वॅटमध्ये वायफायही देईल आणि मागे हार्डडिस्क लावली की छोटा सर्व्हरही होईल असा राऊटर घेऊ. यूएसबी ३ चा पोर्ट, रॅम निदान २५६ एमबी, आणि ओपनडब्ल्यूआरटी चढलं पाहिजे, बस. लग्नाच्या बायोडाटात याहून जास्त अपेक्षा असतात.

दुकानातल्या पोराने सहा अँटेनांचा, उलट्या पडलेल्या खेकड्यासारखा राऊटर काढला. "घ्या सर, तीन मजले रेंज." रॅम किती विचारलं तर म्हणे "रॅम मोबाईलला असते सर." ओपनडब्ल्यूआरटी म्हटलं तर "ती कंपनी आपण ठेवत नाही." मग मी येड्यासारखा त्याला समजावत बसलो की बाबा ती कंपनी नाही, राऊटरमध्ये टाकायचं फुकटचं लिनक्स आहे, २००४ पासून चालू आहे, नावातलं डब्ल्यूआरटी लिंक्सिसच्या जुन्या डब्ल्यूआरटी५४जी वरून आलंय. पोरगं माझ्या खांद्यावरून पुढच्या गिऱ्हाइकाकडे बघत होतं.

पुढचं गिऱ्हाईक म्हणजे अप्पा. रावेरकडचे केळीवाले, डोक्यावर टोपी, हातात शेतातल्या कॅमेऱ्याचं जळलेलं अडॅप्टर.

"काय म्हनला तू, सर्वर?"

"हो अप्पा. घरी लावायला. छोटा."

"सर्वर मंजे बँकेत राह्यते ते?"

"तसंच समजा."

"ते त डाऊनच राह्यते भो!"

अख्खं दुकान हसलं. अप्पांना जोर चढला. "सोमवारी बँकेत गेलो, डाऊन. सातबाऱ्याले गेलो, डाऊन. राशनच्या मशीनीवर म्हातारीचा अंगठा उठेना, ते बी डाऊन. आन् तू पैसे देऊन ते घरी कायले नेतो? तठी निदान साहेबाशी भांडता येते. घरी कोनाशी भांडशीन?"

"वहिनींशी," पोरगं म्हणालं. त्याला कुणी विचारलं होतं?

इज्जत वाचवायला मी विजेचा हिशोब काढला, ६० वॅटच्या जागी १०. अप्पा बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. "माह्यी मोटर पाच एचपीची हाये. आन् तू धा वॅटसाठी उन्हात जयगाव हिंडून राह्यला?" पाच एचपी म्हणजे पावणेचार किलोवॅट, मी मनात गुणाकार केला आणि गप्प बसलो. "तुले लाईट चोवीस तास, म्हनून हे सुचते. आमची पाळी रात्रीची आली त दोन वाजता बॅटरी घेऊन केयीत जा लागते. पायाखाली नळी हाये का साप, समजत नही." यावर कोणी हसलं नाही. तेवढ्यात मी खोका उलटा करून वाचत असल्याचं दाखवलं, तर बारीक अक्षरात लिहिलेलं, वापरायचं तापमान ० ते ४० डिग्री. म्हणजे जळगावात मे महिन्यात हे यंत्र बहुतेक दुपारी नियमबाह्य. पोराला दाखवलं तर म्हणे "माठाजवळ ठेवा सर."

शेवटी दोन अँटेनांचा एक साधा राऊटर निघाला, माझ्या यादीतलाच. तो सहा अँटेनावाल्याच्या मागे धूळ खात पडला होता, पण पोराला तो माहीतच नव्हता. पैसे देताना मी पिशवीतली जुनी हार्डडिस्क काढून पोर्टला केबल बसते का बघत होतो, तर अप्पांनी ती हातात घेतली, कानाजवळ नेऊन हलवली.

"ह्याच्यात मोटर राह्यते?"

"बारीक असते. तबकडी फिरवायला."

"मंग चालू होताना जास्ती वढीन. कोनतीबी मोटर चालू होताना जास्ती वढते. ह्या येवढ्याशा भोकातून पुरीन का?"

मी हसलो. म्हटलं, अप्पा, ही पंपाची मोटर नाही हो. मी 'हो' सुद्धा फार मोठेपणाने म्हटलं, ते आता आठवतंय.

रात्री सगळं जोडलं. राऊटर लागला, वायफाय आलं, डिस्कचा दिवा लागला आणि आतून आवाज, टिक. थांबून पुन्हा टिक. दिवा गेला. पुन्हा लागला. पुन्हा टिक. यूएसबी ३ चा पोर्ट हक्काने देतो ९०० मिलिअँपिअर, आणि माझी म्हातारी डिस्क फिरायला सुरुवात करताना त्याहून जास्त मागते. एक वाजेपर्यंत केबली बदलल्या. बायको पाणी प्यायला उठली, बघितलं, म्हणाली "डाऊन का?" तिला दुकानातलं मी काहीच सांगितलेलं नव्हतं.

सकाळी पोराला फोन केला, वेगळ्या अडॅप्टरवर चालणारा यूएसबी हब आहे का म्हणून. आहे म्हणाला. मग जरा थांबून,

"सर, अप्पा बोलले होते ना?"