अमेरिकेची निम्मी शहरे ओस पडणार नाहीत

‘2100 पर्यंत अमेरिकेतील पंधरा हजार शहरे ओस पडणार’ असा दावा सध्या फिरत आहे. तो चुकीचा आहे. त्याचा आधार जानेवारी 2024 मध्ये ‘नेचर सिटीज’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेला, शिकागो येथील इलिनॉय विद्यापीठाच्या संशोधकांचा अभ्यास आहे. सुमारे तीस हजार शहरांपैकी जवळपास निम्म्यांची लोकसंख्या घटेल, असे त्यात म्हटले आहे. घटणे म्हणजे ओस पडणे नव्हे. शिवाय या तीस हजारांत आपण ज्यांना गावच म्हणू अशा असंख्य लहान वस्त्याही मोजलेल्या आहेत.

महानगरपालिकेची हद्द आणि नागरी प्रदेश यांतील फरकही येथे विसरला जातो, आणि माझ्या मते खरा घोटाळा तेथेच होतो. डेट्रॉईट शहराची लोकसंख्या 1950 मधील साडेअठरा लाखांवरून 2020 मध्ये सुमारे 6.4 लाखांवर आली, परंतु उपनगरांसह तो प्रदेश आजही चाळीस लाखांहून अधिक लोकांचा आहे.

असे अंदाज सद्यःस्थितीतील कल पुढे चालू राहील असे गृहीत धरतात. बोइंगमधील मोठ्या नोकरकपातीनंतर 1971 मध्ये ‘सिएटल सोडणाऱ्या शेवटच्या माणसाने दिवे मालवावेत’ अशा आशयाचा फलक तेथे लागला होता; 1980 मध्ये पाच लाखांखाली गेलेले तेच शहर 2020 मध्ये सात लाखांपुढे पोहोचले.