शेजारच्यांचे कचऱ्याचे डबे

"अमेरिकेत शेजार नसतोच." हे वाक्य मी आठ वर्षांत असंख्य वेळा ऐकलंय. पहिली काही वर्षं स्वतःही म्हटलंय, आईशी फोनवर बोलताना तर हमखास. आज मात्र ते मला पटत नाही.

आम्ही ओहायोत राहतो, क्लीव्हलंडजवळच्या सोलनमध्ये. मी वाढले डोंबिवलीत, चार मजली इमारतीत. दार लागायचं ते रात्री झोपतानाच. कुणाच्या कडीला दुधाची पिशवी सकाळी नऊपर्यंत तशीच लटकलेली दिसली, की समोरच्या काकू बेल वाजवून विचारायच्या, "काय गं, बरं आहे ना?" इथे गॅरेजचं दार वर जातं, गाडी आत जाते, दार खाली येतं. आठ-आठ दिवस माणसाचं तोंड दिसत नाही.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत नवरा कामासाठी बाहेरगावी होता आणि मला नि लेकीला फ्लू झाला. आमच्याकडे कचऱ्याची गाडी मंगळवारी येते. सोमवारी रात्री डबे कसेबसे रस्त्याच्या कडेला लावले आणि जी पडले ती पडलेच. गुरुवारी संध्याकाळी बेल वाजली. दारात शेजारचे आजोबा, टोपीवर बर्फ. पोटात गोळाच आला, कारण डबे बाहेर राहिले म्हणून एचओएचं, म्हणजे वस्तीतल्या घरमालकांच्या संघटनेचं, पत्र आधी एकदा येऊन गेलं होतं. ते म्हणाले, "तुमचे डबे दोन दिवस बाहेरच आहेत. घरात सगळं ठीक आहे ना?" बघते तर डबे गॅरेजपाशी आणून ठेवलेले आणि ड्राइव्हवेवरचा बर्फही काढलेला.

दार लावून मी रडले. दुधाची पिशवी नाही, कचऱ्याचा डबा. पण लक्ष तेच होतं.

या वस्त्यांची रचना माणसं तोडणारी आहे, हे मी आजही म्हणेन. आई सहा महिने आली होती. पायी जाता येईल असं एकही दुकान नाही; कोथिंबिरीच्या जुडीसाठीसुद्धा कुणीतरी गाडी काढायची. हे आपोआप झालेलं नाही. आमच्यापासून अर्ध्या तासावर युक्लिड नावाचं गाव आहे. कुठल्या भागात फक्त घरं आणि कुठे दुकानं-कारखाने, हे ठरवण्याचा त्या गावाचा अधिकार अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1926 साली मान्य केला. देशभरातल्या अशा विभागणीला, म्हणजे झोनिंगला, त्या निकालाने बळ मिळालं. त्याच निकालात म्हटलंय, की बंगल्यांच्या वस्तीतली अपार्टमेंटची इमारत ही बरेचदा निव्वळ बांडगूळ असते. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला फार राग आला. माझं सगळं बालपण अशाच इमारतीत गेलंय, आणि मला माणसं कळली ती तिथेच.

पण सगळा दोष रचनेवर टाकून मोकळं होणं मला बरोबर वाटत नाही. आम्ही पार्मातल्या शिव-विष्णू मंदिरात जातो, मंडळाच्या गणपतीला जातो. लेकीच्या कानावर मराठी पडावं म्हणून ते मी कधीच सोडणार नाही. पण त्यासाठी हौसेने अर्धा-पाऊण तास गाडी चालवणाऱ्या मला भिंतीपलीकडच्या माणसाचं नाव तीन वर्षं माहीत नव्हतं. इथली माणसं आपणहून दार वाजवत नाहीत, कारण दुसऱ्याला त्रास द्यायचा नाही ही त्यांची आदर दाखवायची रीत आहे. आपण तिला तुसडेपणा समजतो आणि आपल्याच लोकांत रमतो. नवीन आलेल्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे: पहिलं दार तुम्ही वाजवा. थंडी सुरू व्हायच्या आत वाजवा, नंतर पाच महिने कुणी अंगणातही दिसत नाही.

आईने आजोबांकडे स्टीलच्या डब्यातून बेसनाचे लाडू पाठवले होते. ऑगस्टमध्ये डबा परत आला तो त्यांच्या बागेतल्या टोमॅटोंनी भरून. "रिकामा नाही हो दिला," आई दिवसभर सगळ्यांना फोनवर सांगत होती.

या जानेवारीत आजी-आजोबा दोन महिन्यांसाठी फ्लोरिडाला गेले. जाताना घराची चावी माझ्याकडे देऊन गेलेत. आमच्या स्वयंपाकघरात खिळ्याला अडकवली आहे. दर रविवारी जाऊन नळ गोठले नाहीत ना, ते बघून येते.