रशियन माणसे आपापसांत कोणत्या हेलात बोलतात?

गेल्या रविवारी आईबरोबर ‘द हंट फॉर रेड ऑक्टोबर’ हा १९९० सालचा चित्रपट पुन्हा पाहिला. सुरुवातीला सोव्हिएत पाणबुडीवरची माणसे रशियन बोलतात आणि पडद्यावर खाली इंग्रजी अक्षरे उमटत राहतात. मग एक राजकीय अधिकारी कप्तानाच्या खोलीतले पुस्तक उघडून वाचू लागतो, कॅमेरा सरकत सरकत थेट त्याच्या ओठांपाशी जातो, ‘आर्मागेडन’ हा दोन्ही भाषांत जवळपास सारखाच असलेला शब्द येतो आणि त्यापुढचे सगळे बोलणे इंग्रजीत सुरू होते. आईने लगेच विचारले, "हा मध्येच इंग्रजी का बोलायला लागला रे?" मी म्हटले, "तो रशियनच बोलतो आहे, आपल्याला ते इंग्रजीत ऐकू येते आहे." तिला ते तत्काळ पटले.

पटणारच, कारण संगीत नाटके पाहिलेल्या माणसाला शकुंतला मराठीत कशी गाते, असा प्रश्न कधी पडलेला नसतो. म्हणूनच अमेरिकन चित्रपटातल्या परदेशी पात्रांनी इंग्रजी बोलण्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. तक्रार आहे ती त्या इंग्रजीला मुद्दाम चढवलेल्या परदेशी हेलाबद्दल. ‘के-१९’ या २००२ सालच्या चित्रपटात हॅरिसन फोर्ड सोव्हिएत कप्तान आहे आणि तो आपल्याच खलाशांशी रशियन ढबीच्या इंग्रजीत बोलतो. हेल हा परक्या भाषेत शिरल्यावर उघडा पडतो. स्वतःच्या पाणबुडीत, स्वतःच्या मातृभाषेत बोलणारा माणूस अडखळत, शब्द जड करत कशाला बोलेल? उलट ‘रेड ऑक्टोबर’चा कप्तान रामियस झालेल्या शॉन कॉनरीने त्यात आपले स्कॉटिश वळण लपवण्याचे फारसे कष्ट घेतलेले नाहीत आणि त्याबद्दल त्याची भरपूर थट्टा झाली, मला मात्र ते शोभून दिसते, कारण त्याचा रामियस हा मुळात लिथुआनियाचा, म्हणजे त्या नौदलात थोडा उपराच आहे.

हेल नको म्हणून ब्रिटिश इंग्रजी घेतले की प्रश्न मिटतो, असे मानण्याची हॉलिवूडला जुनी सवय आहे. रोम असो की एकोणिसाव्या शतकातले पॅरिस, जे जुने आणि दूरचे ते लंडनच्या रंगभूमीवरच्या इंग्रजीत बोलते. पण ते इंग्रजी बिनरंगाचे थोडेच आहे? ‘स्पार्टाकस’मध्ये (१९६०) रोमचे सत्ताधारी म्हणजे लॉरेन्स ऑलिव्हिए आणि चार्ल्स लॉटन, तर बंड करणारे गुलाम म्हणजे कर्क डग्लस आणि टोनी कर्टिस. मालक इंग्रज आणि स्वातंत्र्यासाठी लढणारे अमेरिकन, हे प्रेक्षकाच्या कानाला कोणी न सांगता कळते. ‘ले मिझराब्ल’मध्ये (२०१२) पॅरिसच्या रस्त्यावरचा पोरगा गाव्रोश चक्क लंडनच्या गरीब वस्तीतले कॉकनी बोलतो. येथे हेल देश दाखवत नाही, पायरी दाखवतो.

यात हॉलिवूडने नवे काही केलेले नाही. कालिदासाच्या मूळ ‘शाकुंतला’त दुष्यंत संस्कृत बोलतो, शकुंतला शौरसेनी प्राकृत बोलते आणि अंगठी सापडलेला कोळी मागधी बोलतो. त्यांना एकमेकांचे सगळे समजते. कोण कुठे उभा आहे हे मात्र तोंड उघडताक्षणी ठरून जाते. आपल्याकडच्या कित्येक मालिकांत घरकाम करणाऱ्या बाईच्या तोंडी कोणत्या गावची तेही न ठरवता जी ठोकळेबाज ‘ग्रामीण’ बोली दिली जाते, तीही याच घराण्यातली.

त्यामुळे मला दिग्दर्शक मिलॉश फोरमन यांचा मार्ग सर्वांत प्रामाणिक वाटतो. ते स्वतः चेक होते, तरी ‘अमाडेउस’मध्ये (१९८४) त्यांनी संगीतकार मोझार्ट, त्याच्यावर जळणारा संगीतकार सालिएरी आणि खुद्द सम्राट या तिघांनाही सरळ अमेरिकन इंग्रजीत बोलू दिले. पहिली दहा मिनिटे कानाला खटकते. नंतर सालिएरीचा मत्सर तेवढा ऐकू येतो. सोव्हिएत अणुदुर्घटनेवरच्या ‘चेर्नोबिल’ या २०१९च्या मालिकेतही बहुतेक ब्रिटिश नट स्वतःच्याच उच्चारांत बोलतात, आणि अणुभट्टीचा स्फोट झाल्यावरही वरिष्ठ तो नाकारत बसतात, तेव्हा ते खोटे बोलणे आपल्या ओळखीच्या कचेरीतले वाटू लागते. रशियन हेलाच्या इंग्रजीत तीच माणसे केवळ ‘तिकडची’ झाली असती.

‘रेड ऑक्टोबर’च्या शेवटाकडे अमेरिकन लोक पाणबुडीत पाऊल टाकतात आणि ते खलाशी पुन्हा रशियन बोलू लागतात. आता समोर खरोखरच परका माणूस उभा असतो. या खेपेला आईने काहीच विचारले नाही.